मैदानावर जागा कशाने मिळते?
(वार्षिक मेळाव्यात सोनारी येथे दिलेले व्याख्यान)



श्रीकाळभैरवनाथाच्या या गावी आम्हांस बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विवाहखर्च, शिष्यवृत्ती अगर वसतिगृह यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, असा कित्येकांचा अंदाज असेल. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. आम्ही आज सॉफ्टबॉलविषयी बोलणार आहोत. शासनाच्या शालेय क्रीडास्पर्धांत हा खेळ आहे, आणि आपल्या ज्ञातीतील मुलेमुली तो आवडीने खेळतात. शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असल्यामुळे कोण मैदानात उतरतो आणि कोण बाकावर बसून राहतो, हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. "माझी मुलगी एवढे जोरदार फटके मारते, तरी तिला बाहेर का बसवितात?" असे पालक आम्हांस वरचेवर विचारतात. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

वडीलधाऱ्यांसाठी खेळाची ओळख दोन शब्दांत सांगतो. हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी एका बंद दालनात जन्मला. पहिला चेंडू म्हणजे दोरीने आवळून बांधलेला मुष्टियुद्धाचा हातमोजा होता! आज एका संघात नऊ जण खेळतात, सात डाव होतात आणि प्रत्येक डावात तीन गडी बाद व्हावे लागतात. म्हणजे सामना जिंकावयाचा तर प्रतिपक्षाचे सुमारे २१ गडी बाद करणे आले.

आता हिशेब पाहा. एका सामन्यात फलंदाजी करावयास एका खेळाडूची पाळी साधारणतः तीन वेळा येते. दहा पाळ्यांत तीन वेळा ज्याचा फटका सफल होतो तो उत्तम फलंदाज गणला जातो. म्हणजे उत्तम फलंदाजही सात वेळा रिकाम्या हाताने परततो. उलट क्षेत्ररक्षणास तो सातही डाव उभा असतो, आणि तेथे सोपा झेल दहांत सात वेळा सुटलेला कोणीही खपवून घेत नाही. सुटलेला झेल म्हणजे प्रतिपक्षास बहाल केलेला बाविसावा गडी होय. शालेय सामन्यांत धावा मोठ्या फटक्यांनी थोड्या होतात. हातून निसटलेल्या चेंडूंनी आणि पहिल्या बेसच्या डोक्यावरून गेलेल्या फेकीने फार होतात, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पालक सरावाच्या वेळी येतात व फटके पाहून हर्षित होतात. सरावातील चेंडू मायेने टाकलेला असतो. महिलांच्या मोठ्या सामन्यांत पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते. पापणी लवते न लवते तोच तो अंगावर येतो. शिवाय मार्गदर्शकाची दृष्टी निराळीच असते. चेंडू आपल्याकडे आला नसता मुलगी काय करते, हे तो पाहतो. शॉर्टस्टॉपने पहिल्या बेसकडे चेंडू फेकला, तर उजव्या कोपऱ्यातील मुलगी त्या बेसच्या मागे आधारास धावली की कमरेवर हात ठेवून उभी राहिली? हे धावणे शंभरांत नव्वद वेळा फुकट जाते आणि त्याला टाळी पडत नाही. पण जी रोज धावते तिचे नाव मार्गदर्शकाच्या मनात पक्के होते.

मग फलंदाजीला मोल नाही काय? आहे, फार आहे. धावांवाचून सामना जिंकता येत नाही, आणि सात डावांत एकदाच का होईना पण वेळेवर मारणारा हात हवाच. खेळाच्या नियमांनीही हा वाद जाणला आहे. संघाच्या यादीत दहावा खेळाडू घालण्याची त्यात सोय आहे: एकाने मुख्यतः फलंदाजी करावी आणि दुसऱ्याने, बहुधा पिचरने, केवळ क्षेत्ररक्षण करावे. अर्थात निव्वळ मारणाऱ्यास एक जागा आणि निव्वळ अडविणाऱ्यासही एकच. उरलेल्या आठ जागा दोन्ही करणाऱ्यांच्या आहेत. तरीही आरंभ हातमोज्यापासून करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण अडविणे एकट्यास शिकता येते. एक भिंत, एक रबरी चेंडू आणि रोजची अर्धी घटका पुरे. (देवळाच्या आवारात मात्र हा सराव करू नये, तेथील वानरे आपल्याहून सरस क्षेत्ररक्षक आहेत आणि चेंडू परत देत नाहीत.) वेगवान चेंडूवर फलंदाजी शिकावयास समोर तसा टाकणारा लागतो, आणि खेड्यात तो दुर्मिळ.

आपल्या मराठी मुलखातील एक उदाहरण देतो. खेळ क्रिकेटचा, पण गोष्ट हीच. एकनाथ सोलकर हा मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. २७ कसोटींत त्याचे शतक एकच आणि सरासरी २५ च्या घरात. पण झेल ५३! शिरस्त्राणावाचून तो फलंदाजाच्या पुढ्यात उभा राही. १९७१ साली ओव्हलवर त्याने सूर मारून ॲलन नॉटचा झेल घेतला, आणि त्या सामन्यात भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय मिळविला. आपल्याच जिल्ह्यातील सारिका काळे यांना २०२० साली खोखोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. खोखोत तर पाठलाग आणि बचाव दोन्ही प्रत्येकाच्या वाट्यास येतात. ज्या मुलींचे पाय खोखोत तयार झाले आहेत, त्यांना चेंडूखाली वेळेवर पोहोचणे जड जात नाही.

आता एक विनंती. आपली संस्था गुणी खेळाडूंस बक्षिसे देते, ती बहुधा सर्वाधिक धावा करणाऱ्यास जातात. यंदापासून एक बक्षीस क्षेत्ररक्षणासाठी असावे. आणि ढाली-करंडकांवरील खर्चातून काही वाचवून नऊ हातमोजे घ्यावेत. त्यांत डावखुऱ्यांसाठी उजव्या हाताचा एक तरी असावा. आज एकच मोजा तिघी-तिघींत फिरतो, आणि ज्या मुलीचा हात मोज्यात नाही तिला झेल का सुटला म्हणून बोल लावणे न्याय्य नव्हे. कार्यकारी मंडळाने आजच्याच बैठकीत हा ठराव विचारास घ्यावा.