मास्क आधी, बाकी सगळं मागाहून

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘मर्यादित बजेटमध्ये स्कूबाचं साहित्य’. सगळ्या साहित्यावर बोलायचा प्रयत्न करतो, पण आधीच सांगतो, मी मास्कवाला माणूस आहे. गाडी शेवटी तिथंच जाणार. (हशा)

इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे. १९४३, फ्रान्स, कूस्तो आणि गान्यां, पेट्रोलच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालवायला केलेला व्हॉल्व्ह आणि त्यातून निघालेला, सिलिंडरमधली हवा श्वासापुरती तोंडात सोडणारा रेग्युलेटर. तो सोडून देतो. तारकर्लीला जाऊन आलेलेही इथं पुष्कळ असतील. तिथं प्रशिक्षक मागून सिलिंडर धरतो आणि आपण मासे बघतो. मी बोलतोय ते त्यापुढच्यांसाठी. कोर्स झालाय, १८ मीटरपर्यंतचा परवाना हाती आलाय आणि आता खिसा चाचपणं सुरू आहे.

पूर्ण संच घ्यायचा तर लाखाच्या पुढे सहज जातो. (मागून: ‘मग भाड्यानं घ्या की!’) अहो, तेच सांगतोय! फक्त काय भाड्यानं आणि काय विकत, इथं लोक उलटं करतात. पहिल्या उत्साहात चकचकीत रेग्युलेटर घेतात आणि मास्क मात्र डाइव्ह सेंटरवरच्या टोपलीतला उचलतात. रेग्युलेटर वापरा नाहीतर कपाटात ठेवा, सर्व्हिसिंग त्याला लागतंच. वर्षातून दोनदा समुद्रावर जाणाऱ्यानं तो पाळू नये. चांगल्या डाइव्ह सेंटरचा रोजच्या वापरातला, वेळच्या वेळी सर्व्हिस केलेला रेग्युलेटर बरा. पण मास्क? चेहरा ज्याचा त्याचा असतो.

आता पोहण्याचा गॉगल का चालत नाही ते बघा. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि डोळ्यांसमोरची हवा आक्रसते. मास्कच्या आत नाक असतं, त्यामुळे नाकानं थोडी हवा सोडली की काम भागतं. गॉगलच्या आत नाकच नाही, मग तो डोळेच ओढायला लागतो. आणि पूर्ण चेहरा झाकणारे ते स्नॉर्कलचे मास्क ऑनलाइन स्वस्त दिसतात म्हणून मागवू नका. त्यांत नाक चिमटीत धरता येत नाही, कान मोकळे करायचे कसे? ते वर तरंगण्यासाठी ठीक.

दुकानात गेलात की पट्टा मागे टाका. कपाळावरचे केस बाजूला करा, मास्क चेहऱ्याला नुसता टेकवा आणि नाकानं हलका श्वास आत घ्या. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला पाहिजे. मग माउथपीस तोंडात धरून पुन्हा तेच करा, कारण ओठ मिटले की गालांचा आकार बदलतो. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. काच टेम्पर्ड हवी, कडा सिलिकॉनची. चष्मेवाल्यांनी दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्यावा, त्यातल्या बऱ्याच मॉडेल्सना नंबराच्या काचा बसवून मिळतात. साधा चांगला मास्क तीन-चार हजारांत मिळतो.

(एक चिठ्ठी येते.) ‘माझ्या मास्कमध्ये पाणी शिरतं, पट्टा किती आवळू?’ आवळूच नका. जास्त ताणला की कड दुमडते आणि तिथूनच पाणी येतं. आणि चिठ्ठी ज्यांनी पाठवली त्यांना मिशी आहे का हो? (हशा) आहे ना? मग ऐका.

माझे एक स्नेही, सोलापूरकडचे निवृत्त फौजदार. मिशी अशी की समोरचा आधी तिच्याशी बोलतो. कोर्समध्ये मास्क गळायला लागला. त्यांनी दुसरा घेतला, महाग. तोही गळला. मग तिसरा, त्याहून महाग. वरच्या ओठावर सिलिकॉनची कड बसते, तिच्याखाली केस आले की पाण्याला वाट मिळते, याला मास्क काय करणार? प्रशिक्षक म्हणजे मालवणचा कोवळा पोरगा. तो भीतभीत म्हणाला, ‘काका, थोडी काढूया?’ काकांनी ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं पूर्वी गुन्हेगार कबुलीजबाब देत असत. पण पोरगा बेरकी. मिशी नाही काढली त्यानं, नाकाच्या लगेच खालची बारीक पट्टी तेवढी वस्तऱ्यानं साफ केली. खालचा दरारा जसाच्या तसा! वरून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. पहिला, सगळ्यांत स्वस्त मास्क बसला. घरी वहिनींच्या लक्षातही आलं नाही, असं ते म्हणतात. वहिनी वेगळं सांगतात. (हशा)

(घंटा.) अध्यक्षांनी घंटा वाजवली. आणखी पाचच मिनिटं, हो. मिशीत वेळ गेला, पण फुकट गेला असं मी म्हणणार नाही.

भरभर सांगतो. नव्या मास्कच्या काचेला कारखान्यातला थर असतो, त्यामुळे धुकं धरतं. साधी, जेल नसलेली टूथपेस्ट आतून चोळून धुवा. दुसरी खरेदी डाइव्ह कॉम्प्युटर. कारण असं की सकाळच्या डाइव्हमध्ये तुमच्या शरीरात किती नायट्रोजन मुरला याचा हिशेब त्यात असतो. भाड्याच्या कॉम्प्युटरात सकाळचा हिशेब दुसऱ्याच कुणाचा असेल, तर दुपारी तुम्ही कुणाच्या भरवशावर उतरणार? तिसरं, पाण्यावर उभी राहणारी नारिंगी नळी आणि शिट्टी. होडीवाल्याला डोकं दिसत नाही, नळी दिसते. आपल्याकडच्या कोमट पाण्यात जाड सूटवर पैसे घालू नका. पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट जुनं घ्यायचंच असेल तर रात्री फुगवून ठेवा, सकाळी सैल पडलं तर नको म्हणा. सिलिंडर घेऊच नका, हवा भरायला सेंटरवरच जायचंय आणि ठरावीक वर्षांनी दाबचाचणीचा खर्च मागे लागतो. शिशाची वजनं मात्र बेलाशक जुनी घ्या.

फिन्स राहिले. (पुन्हा घंटा.) बरं, फिन्स खाली चहाच्या वेळी. पिशवीत चार प्रकारचे मास्क आणलेत, ज्यांना लावून बघायचेत त्यांनी या. मिशीवाल्यांनी आधी रांगेत उभं राहावं, त्यांना वेळ लागतो.