मांसाच्या धुरीसाठी सरपण : निवड आणि तयारी
(भाषणाचा मजकूर)



बेला हे आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, पैनगंगेकाठच्या मुलखातील मंडल-मुख्यालयाचे गाव. नदी ओलांडली की महाराष्ट्राचा मुलूख लागतो. राज्यांची सीमा नदीतून जात असली, तरी काळी जमीन आणि कापसाचे पीक दोन्ही तीरांवर एकच आहे. घराघरांत गोंडी, कोलामी आणि तेलुगूच्या सोबतीने मराठीही ऐकू येते. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून त्यांच्या मोळ्या अंगणात रचल्या जातात आणि सरपणाची चिंता पुष्कळशी मिटते.

चूल पेटविण्यापुरते हे ठीक आहे. परंतु बोकडाच्या मांसाच्या चान्या किंवा नदीची मासळी धुरावर सुकवावयाची असेल, तर हाताशी असलेले हेच सरपण सर्वांत अयोग्य ठरते. याची कारणे दोन. पऱ्हाटी भडकन पेटते व लवकर विझते. तिचा निखारा टिकत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कापसावर हंगामात वारंवार कीटकनाशकांची फवारणी होते. त्यांचा अंश काडीवर उरला असल्यास तो धुराबरोबर थेट अन्नावर बसतो. फवारलेल्या तुरीच्या तुराट्यांनाही हेच लागू पडते.

धुरीचे कार्य कसे चालते, हे समजले म्हणजे लाकडाची निवड सोपी होते. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे लाकडाचे मुख्य घटक होत. लाकूड ज्वाळेविना धुमसू लागले की पहिल्या दोहोंपासून आम्ले व मांसाला तांबूस रंग देणारी द्रव्ये निघतात, तर लिग्निनपासून फिनॉल वर्गातील द्रव्ये निघतात. ही द्रव्ये जंतूंची वाढ रोखतात, चरबी लवकर खवट होऊ देत नाहीत आणि स्वादही देतात. लाकूड ओले किंवा राळयुक्त असेल, तर मात्र दाट काळा धूर होऊन काजळी साचते. अशा धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगास कारणीभूत ठरणारी द्रव्ये असतात. युरोपीय संघाने २०१४ पासून धुरी दिलेल्या मांसात त्याचे प्रमाण किलोमागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे बंधन घातले आहे.

यास्तव कठीण, राळ नसलेले लाकूड निवडावे. काळ्या रानात बांधावरची बाभूळ यासाठी उत्तम होय. तिचा निखारा दीर्घकाळ धगधगत राहतो. बोर, चिंच आणि पेरू यांचे लाकूडही चालते. जेथे वेडी बाभूळ माजली आहे, तेथे तिचाही उपयोग करता येतो. अमेरिकेत व मेक्सिकोत मांस भाजण्यासाठी व धुरीसाठी वापरले जाणारे मेस्कीट हे तिच्याच कुळातील झाड आहे. तिचा धूर उग्र असल्याने ती थोडीच घ्यावी.

काही लाकडे कटाक्षाने टाळावीत. कण्हेर विषारी आहे. नाल्याकाठची बेशरम गुरांनाही बाधते. बिब्ब्याचा चीक कातडी पोळतो, मग त्याचा धूर घशात जाऊ देणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. पेटीच्या चिडाच्या फळ्या, रंगविलेल्या दारा-खिडक्यांचे तुकडे, प्लायवूड आणि बुरशी चढलेले लाकूडही नको.

लाकूड मिळवितानाही विवेक हवा. स्वतःच्या बांधावरील वाळलेल्या वा छाटलेल्या फांद्या घरगुती धुरीला पुरेशा होतात. उभे झाड तोडण्यापूर्वी अधिकाऱ्यांकडे परवानगीची चौकशी करावी. आंध्र प्रदेशात २००२ मध्ये झालेला जल, भूमी व वृक्ष कायदा तेलंगणातही लागू आहे. वन्य प्राण्यांच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, म्हणून मांस पाळीव जनावराचेच असावे.

छाटणी पौष-माघात करावी, म्हणजे उन्हाळ्याचे महिने वाळवणीला मिळतात. फांद्यांचे वीतभर लांबीचे तुकडे करून ते उभे चिरावेत, कारण न चिरलेला ओंडका आतून ओलाच राहतो. साल सोलून टाकावी. तुकडे जमिनीला न टेकविता दगडांवर, वारा खेळेल असे आडवे-उभे रचावेत आणि मृगाच्या पावसापूर्वी छपराखाली न्यावेत. ओल्या दहा किलो लाकडात चार किलो पाणी असेल, तर ते साडेसात किलोंवर आल्यावर त्यात वीस टक्के ओल उरते. तराजू नसेल, तर दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत. आवाज खणखणीत आला व टोकांना भेगा दिसल्या, म्हणजे लाकूड तयार झाले असे समजावे.

मांसाच्या पातळ चान्या कापून, मीठ लावून प्रथम उन्हात सुकवाव्यात. ओलसर पृष्ठभागावर धूर नीट बसत नाही, तेथे काजळीच चिकटते. आग बांबूच्या कोरड्या काड्यांनी पेटवावी, रॉकेलने नव्हे. ज्वाळा शमून निखारे झाले की त्यांवर थोड्या ढलप्या टाकाव्यात. धूर पातळ व निळसर दिसावा. तो पांढरा व दाट झाला तर वारा वाढवावा. चान्या निखाऱ्यांपासून उंच टांगाव्यात, म्हणजे चरबी ठिबकून ज्वाळा उठणार नाही.

हे काम अंगणात, उघड्यावर करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. घरातील चुलीपाशी दीर्घकाळ बसणाऱ्या स्त्रियांना व मुलांना या धुराचा त्रास अधिक होतो. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला. धुरीच्या निमित्ताने तोच धूर पुन्हा घरात आणू नये.

शेवटी एक इशारा. धुरी ही टिकवण आहे, शिजवण नव्हे. धुरी दिलेल्या चान्या खाण्यापूर्वी पूर्ण शिजवाव्यात, दमट हवेत वरचेवर तपासाव्यात आणि बुरशी दिसताच फेकून द्याव्यात.

अंगणातील पऱ्हाटीची मोळी जवळ असते आणि बांधावरची बाभूळ दूर. परंतु धुरीचे अन्न ज्या मुलांच्या ताटात जावयाचे आहे, त्यांच्यासाठी तेवढी पायपीट प्रत्येक घराने अवश्य करावी.