कचऱ्याचा मालक कोण?

रद्दीवाला दारात आला की आपण तराजूच्या काट्यावर नजर ठेवतो. पावकिलोचाही हिशेब सोडत नाही. पण तोच पुठ्ठा, तीच बाटली कचऱ्याच्या बादलीत गेली की आपल्या लेखी ती संपली. मग ती कोणाची? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पुण्यात काही हजार घरांची चूल त्याच्या उत्तरावर पेटते.

1972च्या दुष्काळात गाव सोडून अनेक कुटुंबे पुण्यात आली. त्यांतल्या कित्येक दलित स्त्रियांच्या खांद्यावर गोणी आली. योगायोग असा की त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या केनियाविषयीच्या अहवालाने 'असंघटित क्षेत्र' ही कल्पना जगापुढे ठेवली. विकसनशील देशांतील शहरांमधला गरीब माणूस रिकामा बसलेला नसतो, तो राबत असतो. फक्त त्याचे काम कोणाच्या वहीत नसते, हे त्यातले सार. गोणीवाल्या बाईला हे सांगायला अहवालाची गरज नव्हती म्हणा!

1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या प्राध्यापिकांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. मागणी भिकेची नव्हती, ओळखपत्राची होती. चोर म्हणून हटकणाऱ्याला दाखवायला काहीतरी हवे होते. पुढे 2008 मध्ये याच स्त्रियांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी तिचा पाच वर्षांचा करार झाला. कुंडी उपसणारी बाई ढकलगाडी घेऊन दारात आली. घराघरातून मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे, अशी तिची मिळकत.

यातले अर्थकारण नीट पाहण्यासारखे आहे. तिने वेगळी काढलेली प्रत्येक बाटली महापालिकेला ट्रकमधून वाहून न्यावी लागत नाही, पुरावी लागत नाही. शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला, तेव्हा त्या गावांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, हे आपल्याला आठवत असेल. ज्या ठेकेदाराला वजनावर पैसे मिळतात, त्याला कचरा कमी व्हावा असे कशाला वाटेल? जास्त वजन, जास्त बिल. या बाईचे गणित नेमके उलटे. जितके ती वेगळे काढील तितके तिचे, आणि तितका शहराचा भार कमी.

पण जोखीमही तिचीच. 2008च्या जागतिक मंदीत भंगाराचे भाव कोसळले. दुकानदाराने दर उतरवले, त्याच्या वरच्या व्यापाऱ्याने त्याचे उतरवले होते. तिच्या खाली कोणीच नव्हते. शिवाय करार संपत आला की दर वेळी तीच धाकधूक. मोठ्या गाड्या आणि एकच ठेकेदार आला की बादलीतली बाटली त्याची होते, आणि ही बाई फार तर त्याची रोजंदार.

आमच्या सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च पाच मिनिटांत मंजूर झाला. कचऱ्याचे शुल्क घरटी दहा रुपयांनी वाढवण्यावर मात्र पाऊण तास चर्चा चालली, आणि शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.