पहिली अक्षरं आपल्या माणसांची

आपल्याकडे मुलाचं वाचन 'क कमळाचा'पासून सुरू होतं. पण कितीतरी मुलांनी कमळ कधी पाहिलेलंच नसतं. काका मात्र घरातच असतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की मुलाला पहिली अक्षरं त्याच्या माणसांच्या नावांतून भेटावीत.

मराठीने ही सोय करूनच ठेवली आहे. बाबा, मामा, काका, दादा. एकच अक्षर, त्याला काना, दोनदा म्हटलं की माणूस हजर! काकाची काकी झाली की वेलांटी कळते, काकू झाली की उकार. बाराखडी घोकायच्या आधीच ती कानात बसते.

बालवाडीत हेच काम मैत्री करते. प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी करावी. सकाळी आल्यावर आपली पट्टी शोधून तक्त्यावर लावायची. हळूहळू मूल मैत्रिणीची पट्टीही ओळखू लागतं. 'ताई, मीना आज आली नाही,' म्हणत तिची पट्टी आणून दाखवतं. आणि एक दिवस सांगतं, 'मीनाचा मी आमच्या मामीत पण आहे!' तिथे वाचन सुरू झालं.

मग विचारा, 'घरी कोण कोण असतं?' मूल म्हणेल, 'आजी चुलीवर भाकर भाजती.' तेच वाक्य त्याच्यादेखत लिहा आणि बोट फिरवत वाचा. 'भाजती'चं 'भाजते' करू नका. ते त्याच्या घरचं बोलणं आहे. आई-बाबांचाच हट्टही नको. कुणी आजीपाशी वाढतं, कुणी मावशीपाशी. जो जवळचा, त्याचं नाव आधी.

मुलाच्या घरापासून सुरुवात करण्याची ही वाट आपल्याला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवली आहे. १९४५मध्ये बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७मध्ये हे काम कोसबाडला, आदिवासी पाड्यांपर्यंत पोचलं. आजच्या अंगणवाडीचं मूळ या कामात आहे.

पालकहो, आज जेवणं झाली की मुलाला जवळ घ्या. घरातल्या प्रत्येकाचं आणि त्याच्या लाडक्या दोस्ताचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा. कागद त्याच्या नजरेच्या उंचीवर भिंतीला लावा आणि रोज एकदा त्याच्याबरोबर वाचा. घाई मात्र करू नका.