इंग्रजीतलं गणित आणि गणितातलं इंग्रजी

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी शिक्षिका नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली चार वर्षं दर शनिवारी सकाळी पुण्यातल्या एका वस्तीतल्या माध्यमिक शाळेत जाते आणि आठवी-नववीच्या मुलांबरोबर दोन तास गणित-विज्ञान करते. तुम्ही रोज साठ मुलांसमोर सात-सात तास उभे राहता. त्यामुळे 'असं शिकवा, तसं शिकवा' म्हणण्याचा अधिकार मला नाही. मला जे दिसलं तेवढं सांगते.

या शाळेत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आहे. मुलं दोन वाटांनी येतात. काही मराठी शाळेतून सेमी-इंग्रजीला आलेली. काही महापालिकेच्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. पुढे जवळपास उर्दू माध्यमाची माध्यमिक शाळा नाही, असली तर दोन बस बदलून जावं लागतं, आणि मुलीला तेवढ्या लांब पाठवायला घर तयार नसतं. मग जवळची शाळा. माध्यम उर्दू असावं की मराठी, हा वाद आपल्या व्यासपीठांवर जुना आहे. आज मी त्यात शिरत नाही. वाद मिटेपर्यंत ही मुलं दहावी होऊन जातील.

पहिल्या वर्षीची गोष्ट. एक मुलगी होती, उर्दू शाळेतून आलेली. सरांनी फळ्यावर चौरस काढला आणि विचारलं, "व्हॉट इज धिस?" ती पटकन म्हणाली, "मुरब्बा." उर्दूत चौरसाला हाच शब्द आहे. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, वर्तुळ म्हणजे दायरा, चौरस म्हणजे मुरब्बा. ऐकायला आंब्याच्या मुरब्ब्यासारखाच. वर्ग हसला. सरांनाही हसू आवरलं नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता, माणूस चांगला आहे. पण त्यानंतर दोन-तीन महिने ती मुलगी वर्गात एक शब्द बोलली नाही. उत्तर बरोबर होतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी पाच गुण मिळाले. शेरा होता, 'बेसिक कच्चं आहे.' मी तिला बाजूला बसवून तीच प्रश्नपत्रिका तोंडी घेतली, थोडी उर्दूत, थोडी आपल्या दखनीत. चौदापर्यंत गेली. मी विचारलं, मग पेपरात काय झालं गं? ती म्हणाली, "दीदी, मेरेकू गणित आता है. इंग्लिश में गणित नै आता."

आमच्या कामात प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देऊ लागला की आम्ही आधी बघतो, हिशोब चुकला की आत गेलेली माहितीच चुकीची होती. दोन्हींचं उत्तर बाहेरून सारखंच चुकीचं दिसतं. पण दुरुस्ती वेगळ्या जागी करावी लागते. तिच्याबाबतीत सगळे हिशोब दुरुस्त करत होते. पाढे पाठ करायला लावत होते. पाढे तिला येत होते.

त्यानंतर मी मुलांच्या वह्या वेगळ्या नजरेनं बघायला लागले. 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर' याचं बीजगणितात रूपांतर करायचं होतं. अर्ध्या वर्गानं '५ उणे एक्स' लिहिलं. बरोबर उत्तर 'एक्स उणे ५'. इंग्रजीत ५ आधी येतो म्हणून मुलांनी आधी लिहिला. मराठीत आपण म्हणतो, 'एका संख्येपेक्षा ५ ने कमी'. आधी संख्या, मग ५. उर्दूतही 'किसी अदद से ५ कम'. म्हणजे मुलांची स्वतःची भाषा त्यांना बरोबर क्रम हातात देत होती, आणि आपण सांगत होतो की ती भाषा बाहेर ठेवून या.

दुसरं उदाहरण नववीच्या विज्ञानातलं, पहिल्याच धड्यातलं, गतीचे नियम. 'अ बस स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट.' बसचं त्वरण दिलंय, सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद. वेळ १० सेकंद. शेवटचा वेग काढा. एक मुलगा म्हणाला, ताई, सुरुवातीचा वेग दिलेलाच नाही, गणित चुकलंय. त्याच्या लेखी 'रेस्ट' म्हणजे आराम, ड्रायव्हर चहा प्यायला थांबला असेल. 'फ्रॉम रेस्ट' या दोन शब्दांत 'सुरुवातीचा वेग शून्य' हे लपलंय हे कळल्यावर तो दहा सेकंदांत म्हणाला, वीस. सूत्र त्याला पाठ होतं.

आणि 'लेट एक्स बी द एज ऑफ फादर'. या 'लेट'चा अर्थ आठवीतल्या किती मुलांना 'उशीर' वाटतो, एकदा आपल्या वर्गात विचारून बघा. 'मानू' हा अर्थ कुणी सांगितलेला नसतो, कारण तो धडा ना गणिताच्या सरांचा ना इंग्रजीच्या मॅडमचा.

शब्द अवघड नसतात हो. फोटोसिंथेसिस मुलं पाठ करतात, त्याला चौकट असते, परीक्षेत येतो. 'रिस्पेक्टिव्हली', 'हेन्स', 'ईच', 'अ‍ॅट मोस्ट', 'डिव्हायडेड बाय' आणि 'डिव्हायडेड इन्टू', हे बारके शब्द कुणी शिकवत नाही. मी स्वतः मराठी माध्यमातली. दहावीला चांगले गुण होते. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत आलं आणि पहिल्या चाचणीत मी फिजिक्समध्ये नापास झाले. अम्मी उर्दू सातवी. ती एवढंच म्हणाली, "समजा नै तो पूछने का." पण विचारायचं कोणत्या भाषेत? प्रश्न इंग्रजीत जुळवेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असायचे. मी शंभर पानी वही केली. डावीकडे पुस्तकातलं पूर्ण वाक्य, उजवीकडे तेच मराठीत. सुटे शब्द नाही, वाक्य. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे 'अनुक्रमे' हे त्या वहीत तिसऱ्या पानावर आहे. ती वही अजून आहे माझ्याकडे.

आता पालकांशी थोडं. आपल्यापैकी अनेकांनी मुलांना 'इंग्लिश स्पीकिंग'च्या क्लासला घातलंय. फी सोपी नाही, मला माहीत आहे. मूल पाहुण्यांसमोर 'माय नेम इज' म्हणतं, बरं वाटतं. पण बोलण्याचं इंग्रजी आणि अभ्यासाचं इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. बाहेरून तिथे आलेली मुलं साधारण दोन वर्षांत इंग्रजीत गप्पा मारू लागतात, पण अभ्यासाच्या इंग्रजीत वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. ती मुलं तर इंग्रजी बोलणाऱ्या गावात राहत होती. आपलं मूल शाळा सुटली की दखनीत, मराठीत, हिंदीत असतं. आठवी ते दहावी म्हणजे तीन वर्षं. पाच वर्षांचं काम तीन वर्षांत होणार नाही, आणि मार्चमधली परीक्षा थांबणार नाही. म्हणून या तीन वर्षांत घरच्या भाषेचा टेकू काढून घेणं मला चुकीचं वाटतं.

वर्गात आम्ही काय केलं ते सांगते. सरांशी बोलले तेव्हा ते आधी म्हणाले, "मॅडम, पोर्शन कोण पुरा करणार?" प्रश्न रास्त होता. मग ठरवलं, फक्त दोन गोष्टी करू. फळ्यावर प्रश्न लिहिला की दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, कोणत्याही भाषेत. प्रश्न काय विचारतोय एवढंच बोलायचं, उत्तर नाही. मग उत्तर इंग्रजीत लिहायचं, पण रिकाम्या पाटीवर नाही. वाक्याचा सांगाडा भिंतीवर लावलेला: 'लेट एक्स बी अमुक. देन तमुक इज. देअरफोर.' मुलं त्यात भरतात. पहिल्या महिन्यात आम्ही एक आठवडा मागे पडलो. दिवाळीपर्यंत तो भरून निघाला, कारण तेच ते पुन्हा समजावणं कमी झालं.

दुसरी सोय तर फुकटची आहे आणि फार थोड्यांना सुचते. बालभारतीची गणित-विज्ञानाची पुस्तकं मराठी, उर्दू आणि इंग्रजी, तिन्हींत आहेत. धडे तेच, आकृत्या त्याच, उदाहरणं तीच. संकेतस्थळावर पीडीएफ मिळते. सोमवारी जो धडा इंग्रजीत होणार तो मुलानं रविवारी आपल्या भाषेत वाचून यायचा. वर्गात मग नवीन फक्त भाषा असते, विषय नाही. एका वेळी एकच नवी गोष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विज्ञान-गणिताची द्विभाषिक पुस्तकं करण्याचं म्हटलंय. ती येतील तेव्हा येतील. दोन पुस्तकं शेजारी ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, अशानं इंग्रजी कधी येणार? मलाही ही भीती होती. पण वेल्समध्ये सेन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञांनी १९९४ मध्ये याच पद्धतीला नाव दिलं. एका भाषेत वाचायचं, दुसऱ्या भाषेत मांडायचं, ठरवून. तिथे दुबळी भाषा वेल्श होती, इथे इंग्रजी आहे. विचार जिथे सोपा आहे तिथे होऊ द्यायचा, पण शेवट इंग्रजीत करायचाच. आम्ही हा नियम सोडत नाही. नुसतं भाषांतर करून सोडून दिलं तर तुमची भीती खरी ठरेल.

आणि एक विनंती. मातृभाषेत बोललं की दंड, असं काही शाळांत चालतं. दहा रुपये, वीस रुपये. जे मूल दंड भरू शकत नाही ते गप्प राहतं, आणि आपण म्हणतो, शिस्त आली.

सगळं जमलं असं समजू नका. बसच्या गणितातला तो मुलगा नववीच्या मध्यात शाळा सोडून गॅरेजमध्ये लागला. भाषेमुळे लागला असं मी म्हणणार नाही. घरात पैसे नव्हते, अब्बांचं पाठीचं ऑपरेशन झालं होतं. पण तो जाताना म्हणाला, "वैसे भी समजता कहां था." त्याला समजत होतं. मी त्याच्याबरोबर पाच-सहा शनिवारच बसले होते, आणि हे त्याला पटवून द्यायला ते कमी पडले.

मुरब्बा म्हणणारी मुलगी आता अकरावीत आहे, सायन्सला. तिचा परवा फोन आला होता. 'सब्जेक्ट टू' म्हणजे काय, विचारत होती.

मागच्या टेबलावर एक कागद ठेवलाय. गणितात वारंवार येणारी चाळीस वाक्यं, इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तीन रकान्यांत. घेऊन जा, झेरॉक्स काढा, नाव घालायची गरज नाही. मराठीचा रकाना मी पुस्तकाशी ताडून घेतलाय. उर्दूचा अम्मीच्या मदतीनं केलाय, आणि सात वाक्यांपुढे पेन्सिलनं प्रश्नचिन्ह आहे. इथे उर्दू शाळेतले कुणी सर किंवा आपा असतील तर जाण्याआधी ती सात तेवढी तपासून द्या.