ताईकडचे सहा महिने
(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातली वाटचाल' असा विषय दिला होता. मी म्हटलं, आपला निम्मा वर्ग याच क्षेत्रात आहे आणि उरलेल्या निम्म्याला त्यात काही रस नाही. त्यापेक्षा मी ताईबद्दल बोलते. ते लगेच तयार झाले, कारण ताईला तुम्ही सगळे ओळखता. ती आपल्यापुढे तीन वर्षं होती. आपल्या वर्गाला ऑफ तास असला की बाई तिला पाढे म्हणून घ्यायला पाठवायच्या. एकोणतीसचा पाढा चुकला की ती कुणालाच सोडायची नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

ताईने डी.एड. केलं आणि २००३ मध्ये ती ठाणे जिल्हा परिषदेत शिक्षणसेवक म्हणून लागली. शाळा तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर, राहायला डहाणूत. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तिने फोनवर सांगितलं, "माझी नाही, जिल्ह्याचीच बदली झाली!" कऱ्हाडहून तिच्याकडे जायचं म्हणजे पुरा दिवस प्रवासात. त्यामुळे आई इकडे होती तोवर येणं-जाणं ताईच करायची. आम्हा दोघींची भेट व्हायची ती गणपतीत, लग्नकार्यात, नाहीतर कुणाच्या तेराव्याला.

२०२१ च्या मे महिन्यात आई गेली. पुण्यातलं आमचं ऑफिस बंदच होतं, काम घरून चाललं होतं. ऑगस्टमध्ये घरच्यांनीच मला म्हटलं, लॅपटॉप घे आणि थोडे दिवस ताईकडे जाऊन राहा. गेले दोन आठवड्यांसाठी आणि परतले जानेवारी संपताना. ताई डी.एड.ला गेल्यापासून आम्ही दोघी एका छपराखाली इतके दिवस कधी राहिलोच नव्हतो.

डहाणू तुमच्यातल्या मुंबईकरांना लोकलच्या पाटीवरून माहीत असेल. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केंद्र सरकारने १९९१ च्या अधिसूचनेने सगळा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि तिथल्या कारखानदारीवर मर्यादा घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. वाड्या अजून हिरव्या दिसतात त्याला हेही एक कारण आहे. तलासरी आत, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर. अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. तालुक्यातली बहुसंख्य वस्ती आदिवासी, त्यात वारली सर्वांत जास्त. पाड्यावर उभी राहिले की माझ्या मोबाईलला कधी कधी गुजरातचा टॉवर लागायचा आणि 'आपले स्वागत आहे' असा संदेश यायचा.

आमचा दिवस असा असायचा. ताई आठ वाजता ॲक्टिव्हावरून निघायची. मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडायची. वीज गेली की मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम. संध्याकाळी अमेरिकेतल्या मंडळींशी मीटिंग सुरू झाली की शेजारचा कोंबडा नेमका तेव्हाच आरवायचा. त्यांना वाटायचं, इकडे पहाट झाली.

आपण कऱ्हाडची माणसं कोयनेच्या पट्ट्यातली, भूकंपाचे धक्के आपल्याला नवे नाहीत. तरी तिथला पहिला धक्का लक्षात राहिला. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. बहुतेक धक्के लहान, मोजकेच चारच्या आसपासचे, पण किती वेळा व्हावेत याला धरबंध नाही. धुंदलवाडीच्या बाजूला तर पहिल्या हिवाळ्यात लोक घराबाहेर तंबूत झोपत होते. एका रात्री आधी गडगडल्यासारखा आवाज आला आणि मग भांडी वाजली. ताई उठली, गॅस बंद केला, दार उघडून ठेवलं, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "झोप आता. लहान होता." अठरा वर्षं ही बाई कशी राहते, ते मला त्या दोन मिनिटांत कळलं. फोनवर तिने यातलं कधी काही सांगितलं नव्हतं.

शनिवारी मला सुट्टी, म्हणून मी तिच्याबरोबर पाड्यावर जायला लागले. शाळा तेव्हा बंद होत्या आणि शिक्षण ऑनलाइन चालू आहे, असं आपण शहरात म्हणत होतो. तिच्या पाड्यावर चांगला फोन असायचा तो घरातल्या कर्त्या माणसाकडे. तो माणूस सकाळी सातला टेम्पोत बसून उंबरगावच्या नाहीतर वापीच्या कारखान्यात कामाला जायचा. फोन त्याच्याबरोबर. संध्याकाळी फोन घरी आला की रिचार्ज संपलेलं, आणि रिचार्ज असलं तर रेंज नाही. म्हणून ताईने मुलांचे तीन गट केले. एक आंब्याखाली, एक कुणाच्या तरी ओट्यावर, एक समाजमंदिराच्या पायरीवर. ती तिन्ही ठिकाणी फिरायची. पहिलीच्या मुलांशी आधी वारलीत बोलायची, मग तोच शब्द मराठीत. मणी, चिंचोके, शिंपले ही तिची गणिताची पेटी. माझं काम झेरॉक्स लावून देणं आणि शेंबडी नाकं पुसणं.

माझ्या व्यवसायातली एक गोष्ट इथे सांगते, एवढीच तांत्रिक, घाबरू नका. संगणकाच्या जगात माहितीचा साठा फार अवजड झाला की तो उचलून प्रोग्रामपर्यंत आणणं परवडत नाही. मग उलटं करतात. माहिती जिथे पडली आहे तिथेच प्रोग्राम पाठवतात, कारण प्रोग्राम हलका असतो. म्हणजे ज्याला हलणं सोपं, त्याने हलायचं. आमच्याकडे ही मोठी हुशारीची गोष्ट समजली जाते.

एका रविवारी ताई मला बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर घेऊन गेली, तेव्हा कळलं की हे शहाणपण त्या तालुक्यात १९४५ पासून आहे. त्या वर्षी ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेलं. त्यांच्या जोडीला अनुताई वाघ आल्या, पुण्यातली हुजूरपागेतली नोकरी सोडून. बालवाडी काढली तर वस्तीवरची मुलं येईनात. मग या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, खाऊ द्यायचा आणि मग गाणी-गोष्टी. महागडी साधनं नाहीत, खडे, पानं, शिंपले. १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, ती विकासवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, तोवर कोसबाड हेच त्यांचं गाव होतं.

त्याच १९४५ साली तलासरीच्या बाजूला दुसरं काही घडत होतं. मे महिन्यात झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं सावकाराकडे राबायची, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्यात वारल्यांबरोबर उभे राहिले. गोदावरीबाईंनी तो अनुभव 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ताईच्या वर्गातल्या मुलांचे पणजोबा त्या काळातले. शाळेत यायला पोटापुरतं घरदार मोकळं असावं लागतं, आणि ते मोकळं व्हायला काय करावं लागलं, हे ताईने मला एका झाडाखाली उभं राहून सांगितलं.

१ डिसेंबर २०२१ ला पहिली ते चौथीच्या शाळा उघडल्या. मी त्या दिवशी रजा टाकली. पटावर सव्वीस मुलं, आली एकोणीस. ताईने हजेरी घेतली, गाणं म्हणवून घेतलं आणि दुपारी उरलेल्या सात जणांच्या घरी निघाली. चार जण घरीच सापडले, ते दुसऱ्या दिवशी आले. तिघांची घरं बंद होती. दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर जातात आणि मुलंही बरोबर जातात. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिलं तर त्याला तिकडच्या शाळेत बसता येतं. या तिघांची कार्डं तिच्या पिशवीतच राहिली होती. शेजाऱ्यांकडून भट्टीचं गाव काढलं आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघी एसटीने तिकडे गेलो. दोघांची सोय तिथल्या गुरुजींनी लावली. तिसरं कुटुंब पुढे निघून गेलं होतं, कुठे ते कुणालाच सांगता आलं नाही. परतीच्या गाडीत ताई बोलली नाही. तिसरं कार्ड तिने पुन्हा पिशवीत ठेवलं.

ते पाहताना मला आपले सर आठवले. सहावीत असताना आपल्या वर्गातला एक जण गुऱ्हाळाच्या हंगामात पंधरा दिवस आला नव्हता, तर सर सायकल मारत त्याच्या मळ्यावर गेले होते. तो आज पहिल्या रांगेत बसून हसतोय, म्हणून नाव घेत नाही. सरही इथे आहेत. सर, तुम्ही त्या दिवशी गेला नसता तर ही खुर्ची आज रिकामी असती.

जानेवारीत, मी निघायच्या आधी, एका साध्या मंगळवारी रात्री भाकरी करता करता मी ताईला विचारलं, "आता बदली मागणार का?" ती म्हणाली, "मागायची तर आईसाठी मागायची होती. तीच म्हणाली, सुट्टीत येतेस तेवढं पुरे. आता ती नाही, तर कुणासाठी येऊ?" मी म्हटलं, "माझ्याकडे ये." ती हसली. म्हणाली, "येईन की. पण तूच येत जा. तुझं काम पिशवीत मावतं, माझं मावत नाही."

यावर मला उत्तर सुचलं नाही, पण तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर मी महिनाभर डहाणूला असते. ऑफिसात तसं कळवलं आहे, अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांचं काम आज पिशवीत मावतं. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला ही सोय नव्हती. भावा-बहिणीकडे राहायचं तर रजा काढावी लागायची आणि रजा लग्नकार्यातच संपायची. ज्यांचं काम जागचं हलत नाही, कुणी शेतावर आहे, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत, अशा आपल्या भावंडांकडे पाहुणे म्हणून जाऊ नका. चार आठवडे राहायला जा. सणाच्या दिवशी सगळीच माणसं आनंदात दिसतात. मंगळवारी ती कशी जगतात, ते पाहा. भांडी घासा, झेरॉक्स काढून आणा, त्यांच्याबरोबर एसटीत बसा.

ताई आज आलेली नाही. उद्या सोमवार, शाळा आहे. तिने सगळ्या गुरुजनांना नमस्कार सांगितला आहे, आणि आपल्या तुकडीला विचारलंय, एकोणतीसचा पाढा कुणाला येतो का. येत असेल त्याने जेवणाच्या पंगतीत माझ्या फोनवरून तिला म्हणून दाखवावा. ती वाट बघतेय.