तिकीट ज्याचे त्याच्या हाती

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या न्यायालयांत वकिली करता करता माझे केस पांढरे झाले. जमिनीची वाटणी, बांधाचे भांडण, वहिवाटीचा रस्ता असले प्रश्न घेऊन माणसे येतात, त्यांची मला सवय झालेली आहे. पण एका पावसाळ्यात एक निराळाच प्रश्न माझ्या ओटीवर येऊन बसला. तो आणणारा गृहस्थ मूळचा नेपाळचा. कर्जतच्या बाहेर, मुंबईकरांनी बांधलेल्या एका बंगल्यावर तो राखणदार होता. भिजलेली छत्री त्याने बाहेर ठेवली आणि हळूच विचारले,

"वकीलसाहेब, मी परदेशचा माणूस. मी लॉटरीचं तिकीट घेतलं तर चालतं का? आणि समजा लागलं, तर पैसे मला देतात का?"

मी म्हटले, "का हो? लागली की काय?"

"नाही, अजून सोडत व्हायची आहे. पण शेजारच्या बंगल्यावरचा माळी म्हणतो, सरकार बाहेरच्या माणसाला बक्षीस देत नाही. तिकीट माझ्याकडे दे, मी माझ्या नावावर करतो. लागलं तर निम्मं तुझं, निम्मं माझं."

'निम्मं निम्मं' हे शब्द ऐकले आणि मी हातातले काम बाजूला ठेवले. कारण लॉटरी लागो न लागो, भलत्याला आपला कागद देऊन बसण्याची ही सवय गरीब माणसाला पुढे फार महागात पडते.

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आपला हा मुलूखच बाहेरच्या माणसांच्या घामावर उभा आहे. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी सुरू झाली, ती डोंगर फोडणाऱ्या हजारो हातांमुळे, आणि ते सगळे हात या गावांतले नव्हते. पुढे १९०७ साली नेरळहून माथेरानला छोटी गाडी गेली, १९१५ साली खोपोलीला पाण्यावर वीज तयार होऊ लागली. आज खोपोली, रसायनीचे कारखाने, वीटभट्ट्या, माथेरानची हॉटेले आणि कर्जतचे बंगले पाहा. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, ओडिशा, नेपाळ, कुठकुठली माणसे येथे राबताहेत. आणि आपली माणसेही घरी बसलेली नाहीत. दिवाळी झाली की आपल्या ठाकूर-कातकरी वाड्यांतली किती घरे कुलूप लावून भट्ट्यांवर जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे बाहेरचा माणूस आज आपल्या दारी आहे, तसे उद्या आपणही कोणाच्या तरी दारी आहोत.

आता कायदा पाहू. लॉटरीसंबंधीचा केंद्राचा कायदा १९९८ चा आहे. त्यात अटी आहेत, पण त्या बहुतेक सरकारवर घातलेल्या आहेत. तिकिटावर राज्याची मुद्रा असली पाहिजे, सोडत सरकारनेच आणि आपल्याच राज्यात काढली पाहिजे, विक्रीचा पैसा सरकारी खात्यात गेला पाहिजे, मुदतीत कोणी न मागितलेले बक्षीस सरकारजमा होईल, अशा त्या अटी. तिकीट घेणारा त्या राज्याचा रहिवासी असावा किंवा भारताचा नागरिक असावा, असे एकही वाक्य त्या कायद्यात नाही. परप्रांतातून आलेल्या भारतीय मजुराचा तर प्रश्नच उद्भवत नाही. भारतात कोठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क त्याला घटनेनेच दिलेला आहे.

नेपाळच्या माणसाचे काय? भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी तह झाला. त्या तहाने एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, येण्याजाण्याची आणि व्यापारउदीम करण्याची मोकळीक दिली आहे. तेव्हा आमचा राखणदार येथे चोरून राहत नव्हता, आणि दुकानात उघड विकले जाणारे तिकीट घेण्यात त्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. इतर देशांचा जो मनुष्य परवान्यावाचून येथे राहतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याचा अपराध परवान्यावाचून राहण्याचा आहे, आणि बक्षीस लागले म्हणून तो अपराध धुऊन निघत नाही.

मात्र एक भेद नीट ध्यानात ठेवा. मी बोलतो आहे ते सरकारी लॉटरीविषयी. टपरीच्या आडोशाला चिठ्ठीवर आकडा लिहून देतात तो मटका. तो बेकायदेशीर आहे, आणि पैजेचा पैसा वसूल करण्यासाठी न्यायालयाची पायरी चढता येत नाही, हे १८७२ च्या करार कायद्यापासून ठरलेले आहे. नवख्या माणसाला दोन्ही कागदच वाटतात. ज्या कागदावर राज्याचे नाव नाही, मुद्रा नाही, सोडतीची तारीख नाही, तो कागद हातात घेऊच नये.

परप्रांतीय मजुराला खरोखरच बक्षीस मिळते का, असे कोणी विचारील. त्यासाठी केरळकडे पाहावे. सरकारी लॉटरी प्रथम काढली ती त्या राज्याने, १९६७ साली. आपल्या महाराष्ट्राची १९६९ पासूनची. केरळात बंगाल-आसामचे मजूर फार. २०१६ साली बंगालमधून नुकत्याच आलेल्या एका तरुण मजुराला तेथे एक कोटीचे बक्षीस लागले. तो कोठे गेला असेल? नाचायला नव्हे, पोलीस ठाण्यात गेला. तिकीट कोणी हिसकावून घेईल या भीतीने त्याने संरक्षण मागितले, आणि पोलिसांनी ते दिले. २०२३ साली बंगालच्याच दुसऱ्या एका मजुराला ७५ लाखांचे बक्षीस लागले, तोही असाच पोलीस ठाण्यात धावला. २०२४ च्या ओणमचे २५ कोटींचे पहिले बक्षीस कर्नाटकातल्या एका मेकॅनिकला मिळाले. आणि दूरचेच पाहायचे तर त्याच वर्षी अमेरिकेत एक अब्ज तीस कोटी डॉलरचे बक्षीस लाओसमध्ये जन्मलेल्या एका स्थलांतरिताच्या तिकिटाला लागले. जन्म कोठला, हे कोणी आडवे आणले नाही.

तेव्हा माळ्याचे म्हणणे खोटे होते. पण त्याचे खोटे इतके सहज खपते का? माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. खालापूर तालुक्यात कंत्राटी कामावर आलेला बिहारकडचा एक मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. त्याच्या तिकिटाला ५० हजारांचे बक्षीस लागले. जवळ ना बँकेचे खाते, ना धड कागदपत्र. त्याने तिकीट मुकादमाच्या हाती दिले. महिन्याभराने मुकादमाने पाच हजार हातावर टेकवले आणि सांगितले, बाकीचे करात आणि खर्चात गेले. कर किती होतो? ३० टक्के, म्हणजे १५ हजार. उरलेले ३० हजार कोणत्या खर्चात गेले? मी मुलाला विचारले, तिकिटाच्या मागे तुझे नाव लिहिले होतेस का? नाही. त्याचा फोटो काढून ठेवलास का? नाही. तिकीट दिले तेव्हा समोर कोणी होते का? नाही. मग मी तरी काय करणार? तिकीट सादर करणाऱ्याने सही केली, त्याच्या खात्यात पैसे आले, सरकारदरबारी सारे चोख. फसवणूक घडली होती, पण दाखवायला काही नव्हते. तो मुलगा कधी गावी परत गेला ते मला कळलेही नाही.

म्हणून मी सांगतो ते लक्षपूर्वक वाचा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. तिकीट घेतल्याबरोबर त्याच्या मागे आपले पूर्ण नाव व पत्ता लिहून सही करावी. दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरच्या माणसाला पाठवावा. नाव लिहायचे ते कागदपत्रांवरचेच. राखणदाराला मी म्हटले, "लिहा नाव," तर तो लिहू लागला 'बहादूर'. साऱ्या बंगल्यांवर त्याला बहादूर म्हणत. मालकही म्हणत, वाणीही म्हणे, आणि मीही तोपर्यंत तेच म्हणत होतो. त्याचे खरे नाव निराळेच होते. आपल्या वाड्यांतही असेच चालते. हाक मारायचे नाव एक, शाळेतले दुसरे आणि आधारावर तिसरेच छापलेले. बक्षीस मागताना हीच तीन नावे एकमेकांशी भांडतात. ती आधीच दुरुस्त करून घ्यावीत, कारण ती केवळ लॉटरीसाठीच नव्हे, तर रेशन, मजुरी आणि अपघाताची भरपाई यांसाठीही लागतात.

लहानसहान बक्षीस विक्रेत्याकडेच मिळते. मोठ्या रकमेसाठी मूळ तिकीट घेऊन लॉटरीच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. आपल्या राज्याचे ते कार्यालय नवी मुंबईत वाशीला आहे. ओळखीचा पुरावा, पॅन आणि बँकेचे खाते लागते. परदेशी नागरिकालाही पॅन मिळू शकतो. आणि आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे, हेही समजून असावे. मुदत तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते. केरळात ती ३० दिवसांची आहे. गावी जाऊन आल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्याचे बक्षीस सरकारजमा होते.

दहा हजारांवरच्या बक्षिसातून ३० टक्के आयकर आधीच कापला जातो. तुमची बाकी मिळकत कराइतकी नसली तरी यातून सूट नाही. लाखातले ७० हजार हाती आले, तर कोणी चोरले असे समजू नये. पण कर कापल्याची पावती मागून घ्यावी.

राखणदाराचा शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण होता. "मिळालेले पैसे घरी पाठवता येतील का?" येथे कायद्याने हात आखडता घेतलेला आहे. परकीय चलनाचे २००० सालचे जे नियम आहेत, त्यांत लॉटरीच्या बक्षिसाची रक्कम परदेशी पाठविण्यासाठी परकीय चलन घेण्यास मनाई आहे. नेपाळला रुपयांत पैसे पाठविण्याची सोय निराळी आहे, पण बक्षिसाचा पैसा त्या वाटेने पाठविण्यापूर्वी बँकेला लेखी विचारावे. म्हणजे परदेशच्या माणसाला बक्षीस जिंकता येते, येथे खर्चता येते, पण ते घरी नेण्याची वाट सरळ नाही. हे ऐकून तो बराच वेळ पावसाकडे पाहत राहिला. त्याची बायकामुले तिकडे डोंगरात होती.

त्याच नियमांत परदेशी लॉटरीचे तिकीट घेण्यासाठी येथून पैसे पाठविण्यासही बंदी आहे. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या मुलाने तेथल्या कायद्याप्रमाणे तेथे तिकीट घेतले, तर ती त्याची गोष्ट. पण कर्जतला बसून परदेशी लॉटरीत पैसे पाठवू नयेत. आणि फोनवर निरोप येतो, 'तुम्हाला २५ लाख लागले, आधी कराचे १० हजार भरा', तो तर उघड ठकांचा धंदा. खरा कर बक्षिसातून कापतात, तो आधी भरायला लावीत नाहीत. शिवाय जे तिकीट आपण घेतलेच नाही, त्याला बक्षीस लागेल कसे?

इतके सांगितले म्हणून तिकिटे घ्यायला धावू नका. दहा लाख तिकिटे खपली आणि पहिले बक्षीस एक असले, तर नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव माणसे त्या दिवशी त्याला मुकतात. सर्वोच्च न्यायालयानेही १९९९ साली एका निकालात म्हटले, की सरकारने काढली तरी लॉटरी हा जुगारच. वीटभट्टीवरच्या बाईचे मिठामिरचीचे पैसे त्यात जाऊ नयेत. माझे म्हणणे इतकेच, की कायद्याने दिलेला हक्क केवळ तू बाहेरचा आहेस या भीतीपोटी कोणाच्या पदरात टाकू नये. आज तिकीट दिले, तो उद्या मजुरीची चिठ्ठी देईल आणि परवा कोऱ्या कागदावर अंगठा.

सोडतीनंतर राखणदार पुन्हा आला. तिकिटाला काही लागले नव्हते. पण त्याच्या हातात दुसरा कागद होता. मालकाने सहा महिन्यांचा पगार दिला नव्हता, त्याचा हिशेब त्याने स्वतः लिहून आणला होता. खाली सही होती, आणि ती 'बहादूर' अशी नव्हती.